वसुलीची नोटीस आली, हातात पैसे नाहीत: उत्तराला खर्च किती?

वसुलीचे फोन सुरू झाले की बहुतेक घरांत आधी फोन बंद होतो. मग नोटिशीचं पाकीट न फोडताच कपाटात जातं. पैसे नसताना वाटणारी भीती खरी आहे, पण कर्जाच्या वसुलीत गप्प राहण्याइतकं महाग काही नाही. लेखी उत्तराचा खर्च म्हणजे एक कागद आणि स्पीड पोस्ट, पोचपावतीसह शंभर रुपयांच्या आत.

आधी फोनचं बघू. थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांना बजावलं आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बेअब्रू करणं यालाही मनाई आहे. घरात शिरून सामान उचलायचा अधिकार एजंटाला नाही. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि मंगळसूत्रासारखा धर्मरूढीनुसार अंगावेगळा न करता येणारा दागिना जप्तीतून वगळलेला असतो. फोनवर एवढंच सांगा: "मागणी लेखी पाठवा, मी लेखी उत्तर देतो." रकमेचा शब्द देऊ नका आणि एजंटाच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका.

पत्रात पहिली मागणी पूर्ण खातेउताऱ्याची करा: मुद्दल किती, व्याज किती, दंड किती. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमानुसार हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. उतारा तपासल्याशिवाय आकडा मान्य करू नका. मग अडचण दोन ओळींत लिहा: नोकरी गेली, आजारपण आलं, पीक गेलं. शेवटी दरमहा किती देऊ शकता ते सांगा. हा आकडा ठरवताना घरभाडं, किराणा, औषधं, वीजबिल आणि मुलांची फी आधी बाजूला काढा. उरलेल्यातून घर किंवा वाहन तारण असलेलं कर्ज पहिलं, क्रेडिट कार्ड नंतर. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, म्हणून नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज हलत नाही. आणि एक हप्ता भरायला मोबाइल अ‍ॅपवरून दुसरं कर्ज कृपा करून घेऊ नका.

कर्ज जुनं असेल तर मात्र पत्राआधी थांबा. विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षांची असते. मुदतीत दिलेली लेखी कबुली किंवा भरलेली रक्कम तिला नव्यानं सुरू करू शकते. शेवटचा भरणा तीन वर्षांहून जुना असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

सगळ्या नोटिसा सारख्या नसतात. चेक न वटल्याची कायदेशीर नोटीस हाती पडली की रक्कम भरायला १५ दिवस मिळतात, त्यानंतर फौजदारी तक्रारीची वाट मोकळी होते. ती त्याच दिवशी वकिलाकडे न्या. लोकअदालतीच्या नोटिशीला लोक उगाच घाबरतात. तिथं कोर्ट फी नाही आणि तुमच्या संमतीशिवाय तडजोड होत नाही. पण एकदा सही केलीत की त्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तोच हप्ता मान्य करा.

आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहते ती पतसंस्थेची, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालची नोटीस. ती कर्जदाराला येते, तशी जामीनदारालाही येते. उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांच्या कार्यालयात तारीख लागते आणि "मी तर नुसती सही केली होती" म्हणत जामीनदार घरी बसतो. हिशेब चुकला असेल, भरलेले हप्ते धरले नसतील, तर ते पावत्यांसह सांगायची जागा हीच. एकदा वसुली दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायला येणे रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. २ लाखांच्या थकबाकीला १ लाख, तेही नुसतं म्हणणं ऐकून घ्यावं म्हणून. तारखेला गेलात तर बसभाड्यात काम होतं.

एकरकमी तडजोड मिळत असेल तर संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र हाती आल्यावरच पैसे भरा, तेही कर्जखात्यातच. थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्या. अशा खात्यापुढे सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा लागतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं. तरीही चूल पेटती ठेवायची असेल तर तो शेरा सोसावा, असं माझं मत आहे.

बँक किंवा वित्त कंपनीनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. माहितीसाठी क्रमांक १४४४८. पतसंस्थेसाठी मात्र हा मार्ग नाही, तिथं निबंधक कार्यालयच. वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी तिथं मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. कपाटातलं पाकीट आजच फोडा आणि त्यावरची तारीख बघा.