हाडांचं घड्याळ

मूळची मी सोलापूरची, पण गेली बारा वर्षं बंगळुरूच्या यशवंतपुरात राहते. पहाटे इथल्या बाजार समितीच्या यार्डात महाराष्ट्रातून आलेले कांद्याचे ट्रक रिकामे होत असतात, तेव्हा मी मत्तीकेरेच्या जे. पी. पार्ककडे धावत निघते. अडतिसाव्या वर्षी धावायला लागले. पहिलं वर्ष मनाला येईल तसं धावले, पुढची पाच वर्षं आखलेल्या सरावाने. शरीराने शिकवलेले धडे असे:

1. दमसास आधी वाढतो, हाड मागून येतं.
नियमित धावू लागलं की दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं. चढावर धाप लागेनाशी होते. मला वाटलं, झाले तयार! महिन्याभरात आठवड्याचे 15 किलोमीटर मी 35 वर नेले. नडगी दुखू लागली, तरी पट्टी बांधून धावत राहिले. शेवटी एमआरआयमध्ये हाडाला तडा जाण्याची सुरुवात दिसली आणि दोन महिने धावणं बंद झालं. तेव्हा कळलं, की ताण पडलेलं हाड आधी थोडं पोखरलं जातं आणि मग नव्याने भरलं जातं. या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात हाड नाजूक असतं. टाचेमागच्या जाड शिरेलाही रक्तपुरवठा कमी, म्हणून तीही सावकाश बळावते. आता मी तीन आठवडे अंतर थोडं थोडं वाढवते आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करते.

2. हळू धावणं हाच पाया.
सोबतच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतकाच वेग. माझं निम्म्याहून कितीतरी जास्त अंतर असंच जातं. याच वेगात स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींतले मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि शरीर चरबी जाळायला शिकतं. सकाळी अंथरुणात मोजलेली माझी नाडी वर्षभरात 76 वरून 61 वर आली.

3. वेगाचे दिवस आठवड्यातून दोनच.
एक दिवस सँकी तलावाजवळ जोराचे छोटे तुकडे, एक दिवस वीस मिनिटं एका लयीत, जेमतेम दोन-तीन शब्द बोलता येतील असं. जोरात धावताना रक्तात लॅक्टेट साचू लागण्याची वेळ याने पुढे सरकते. मात्र या दोन दिवसांमध्ये निदान दोन दिवसांचं अंतर हवं.

4. सराव शरीराला मोडतो, झोप त्याला घडवते.
सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असली, की त्या दिवशी बूट घालत नाही. सुटी हाही सरावच आहे, हे मनाला पटायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

5. पोट मारून धावू नका.
हे बायकांना कळकळीने सांगते. वजन उतरतंय म्हणून मी रात्रीची भाकरी सोडली आणि पाळी चुकू लागली. खाणं कमी पडलं की शरीर इस्ट्रोजेन घटवतं, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. पाळीतून, घामातून लोहही जातं. हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासा, आणि जेवणाला लागून चहा टाळा, कारण त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. आता नाचणी, शेंगदाणे-गूळ, डाळ आणि अंडी हे सारं पोटभर खाते.

6. प्रगती वर्षांत मोजा.
बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे बघा. इथल्याच, बंगळुरूतल्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात त्याने घाम गाळला. 2018 मध्ये त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम 8:29.80 वेळेने मोडला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 वेळ देऊन त्याने रौप्यपदक जिंकलं. साडेअठरा सेकंद कमी करायला त्याच्यासारख्या धावपटूलाही चार वर्षं लागली. मग आपण चार आठवड्यांत काय मागतो?

दर रविवारी लांब पल्ल्यानंतर मी नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत नेते. कुठेही टोचलं नाही, तरच पुढच्या आठवड्याचा आकडा वहीत लिहिते.