स्थलांतरित बालक आणि चित्रपट

भिलाई हे नगर स्थलांतरितांनी वसविले. १९५५ साली सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात तेलुगू, बंगाली, मल्याळी, मराठी अशी नाना भाषा बोलणारी बिऱ्हाडे येऊन राहिली. त्याच मुलखातून उलट दिशेचा प्रवाहही वाहत असतो. भाताची कापणी आटोपली की छत्तीसगडी शेतमजूर परप्रांतीच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. बरोबर मुले असतात, आणि तीही तेथे कच्च्या विटा उलटविण्याच्या कामी लागतात. दोन्ही प्रवासांत सुखदुःखाचे अंतर फार मोठे आहे. तथापि एक गोष्ट समान आढळते : जाण्याचा निर्णय वडीलधाऱ्यांचा असतो, मुलाला केवळ गाडीत बसविले जाते.

हा अनुभव चित्रपटातून दाखविणे वाटते तितके सोपे नाही. प्रौढ माणूस आपले गाव सुटल्याचे दुःख बोलून दाखवू शकतो. मुलापाशी तशी भाषा नसते; त्याच्याजवळ असतात ती कामे, भीती आणि हिशेब.

बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) या चित्रपटात शंभूचा मुलगा कन्हैया आगगाडीत लपून बापाबरोबर कलकत्त्याला येतो आणि बूटपॉलिश करू लागतो. बाप जखमी झाल्यावर तो चोरी करतो. परंतु आईला अपघात होताच ही आपल्याच पापाची शिक्षा, असे समजून चोरीच्या नोटा फाडून टाकतो. प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे. तरीही येथे मूल बापाच्या सचोटीची कसोटी म्हणून उभे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शहर आपल्याला दिसते ते मुख्यतः शंभूच्या डोळ्यांनी. (कन्हैयाचे काम करणारा बालनट रतनकुमार पुढे १९५६ मध्ये कुटुंबासह पाकिस्तानात गेला. पडद्यावरील स्थलांतरिताच्या वाट्याला खरे स्थलांतर आले.)

मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) मध्ये दृष्टिकोन बदलतो. कृष्णाला ५०० रुपये मिळवायचे आहेत; त्याशिवाय त्याला घरी परत जाता येत नाही. रकमेचा हा आकडाच कथेचा कणा होय. मुलाच्या दृष्टीने घर म्हणजे काही रम्य आठवण नव्हे, तर एक फेडावयाचे देणे. मुंबईत त्याचे नावही उरत नाही. चहा पोचविणाऱ्या या पोराला सारे ‘चायपाव’ म्हणतात. एका प्रसंगी तो पत्रलेखकाकडून आईला पत्र लिहवून घेतो. मजकूर तयार होतो, पण पुरता पत्ता त्याच्याजवळ नाही. आपण हरवलो आहोत हे मुलाला कळण्यापूर्वी प्रेक्षकाला कळते, आणि तेही एका शब्दाच्या भाष्यावाचून! शेवटी गणपतीच्या मिरवणुकीतील गर्दीत सोबतीची चुकामूक होते. कृष्णा एकटा बसून भोवरा काढतो आणि रडतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही.

हे साधले याचे कारण पूर्वतयारीत आहे. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांना गोळा करून बॅरी जॉन यांच्या मार्गदर्शनाखाली अभिनयाची कार्यशाळा घेण्यात आली. चित्रण मुंबईच्या खऱ्याखुऱ्या वस्त्यांत झाले. कृष्णाची भूमिका करणारा शफीक सय्यद स्वतःच बंगळूरहून पळून मुंबईला आलेला होता. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाने कान महोत्सवात ‘कॅमेरा द’ऑर’ पटकावला. पुढे मात्र शफीकला चित्रपटांत फारशी कामे मिळाली नाहीत आणि बंगळूरला त्याने ऑटोरिक्षा चालविली. ज्याचा अनुभव आपण उसना घेतला त्याचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. चित्रपटामागोमाग १९८८ मध्येच ‘सलाम बालक ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली, हे या प्रश्नाचे एक प्रामाणिक उत्तर होते. पुरते उत्तर होते असे म्हणवत नाही.

गावी मागे राहणाऱ्या मुलांकडे चित्रपटांचे लक्ष त्याहूनही कमी गेले आहे. ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) मधील नत्थाची भूमिका ओंकारदास माणिकपुरी या भिलाईच्याच नटाने केली. शेवटच्या दृश्यात नत्था महानगरातील बांधकामावर धुळीने माखून बसलेला दिसतो. नुकसानभरपाई त्याच्या घरच्यांना मिळालेली नाही. त्याच्या मुलांचे पुढे काय झाले, याकडे कॅमेरा वळत नाही.