झेड फोर्टी फोर आणि रिकामं पिंप

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या घराची गच्ची, पंचवीसेक कुंड्या आणि शेजारी दोनशे लिटरचं निळं पिंप. नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड, त्यामुळे पिंपातला तांब्या न् तांब्या हिशेबाचा. उन्हाळ्यात चार दिवस गावाला जायचं होतं. म्हणून प्रस्तुत लेखकाने १२ व्होल्टचा छोटा पंप, ईएसपी ३२ बोर्ड आणि त्याच्या आदेशाने पंपाची वाट उघडणारा-मिटणारा एक मॉस्फेट असा घरगुती जुगाड केला. रोज सकाळी सहाला पाच मिनिटं पंप चालावा, एवढीच अपेक्षा.

मॉस्फेट म्हणून दुकानात मागितला ‘झेड फोर्टी फोर’. दुकानदाराने तोच दिला: आयआरएफझेड ४४ एन. त्याचं काहीच चुकलं नाही. लेखकाने तो आधी टेबलावर ५ व्होल्टच्या आर्डुइनोवर तपासला, एलईडीची पट्टी लख्ख पेटली. मग तोच मॉस्फेट ईएसपी ३२ ला जोडला. या बोर्डाच्या पिनवर ३.३ व्होल्टच मिळतात, हे ठाऊक असूनही.

पहिल्या सकाळी पंप सुरू झाला, पण नुसता घरघरला. पाण्याची धार करंगळीएवढी. सुरुवातीला अडखळत असेल, असं म्हणून लेखक चहा घ्यायला खाली उतरला आणि वर्तमानपत्रात रमला. वर गेला तेव्हा करपल्याचा वास, काळवंडलेला मॉस्फेट, गच्चीभर चिखल आणि रिकाम्या पिंपात कोरडा खडखडणारा पंप. पाच मिनिटं झाल्यावर बोर्डाने बंद व्हायचा आदेश बिनचूक दिला होता. पण मॉस्फेट जळतो तेव्हा बहुधा त्याच्या आतली वाट कायमची जोडली जाते. मग आदेश कोणाला ऐकू जाणार?

मूळ चूक एका आकड्याच्या वाचनात होती. आयआरएफझेड ४४ एन च्या डेटाशीटमध्ये ‘थ्रेशोल्ड’ २ ते ४ व्होल्ट लिहिलेला आहे. ३.३ हा आकडा २ च्या वर आहे, म्हणजे भागेल, असा लेखकाचा समज. पण थ्रेशोल्ड म्हणजे जिथे जेमतेम पाव मिलिअँपिअर प्रवाह सुरू होतो ती जागा. नळाने पहिला थेंब टाकला म्हणून टाकी भरली, असं या शहरात तरी कोणी मानत नाही! पूर्ण उघडल्यावरचा १७.५ मिलिओहम हा रोध डेटाशीटने दिलाय तो गेटवर, म्हणजे आदेश घेणाऱ्या पायावर, १० व्होल्ट असताना. शिवाय एखाद्या नगाचा थ्रेशोल्ड ४ च्या जवळ निघाला, तर ३.३ वर तो डोळेही उघडणार नाही.

अर्धवट उघडणं सगळ्यात वाईट. पंपाने २ अँपिअर ओढले आणि मॉस्फेटवर ४ व्होल्ट अडकून राहिले, तर ८ वॉट उष्णता झाली. हीटसिंक नसलेल्या या आकाराच्या नगाचं तापमान दर वॉटमागे साठेक अंशांनी चढतं. त्यात आपल्याकडचा मे महिना.

यावरचा रूढ उपाय म्हणजे ‘लॉजिक लेव्हल’ मॉस्फेट. इंटरनॅशनल रेक्टिफायर या कंपनीने (२०१५ पासून ती इन्फिनिऑनकडे आहे) अशा नगांच्या नावात ‘एफ’ऐवजी ‘एल’ घातला. आयआरएलझेड ४४ एन चा थ्रेशोल्ड १ ते २ व्होल्ट, आणि ५ व्होल्टला रोध जास्तीत जास्त २५ मिलिओहम. ३ अँपिअरला पाव वॉटही उष्णता होत नाही. तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या की पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, नुसतं ‘झेड फोर्टी फोर’ म्हणू नका. पूर्ण नाव सांगा आणि नगावर छापलेलं अक्षर तिथेच वाचा.

पण ‘एल’वरही डोळे मिटून विसंबू नका. या नगाच्या रोधाची हमी गेटवर किमान ४ व्होल्ट असतील तरच दिलेली आहे, ३.३ ला तो बहुतेकदा चालतो, पण ‘बहुतेकदा’वर गच्ची सोडून गावाला जाता येत नाही. ३.३ व्होल्टसाठी ज्याचा रोध २.५ व्होल्टला नोंदवलेला आहे असा नग शोधावा, उदाहरणार्थ एओ ३४०० ए. तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो, साध्या सोल्डरिंग गनने लावताना जीव जातो. आणि त्याच्या गेटची कमाल मर्यादाच १२ व्होल्ट.

लेखकाने शेवटी दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर मध्ये घालून जुन्याच जातीच्या मॉस्फेटच्या गेटला पूर्ण १२ व्होल्ट दिले. एकाने भागलं नसतं: संकेत उलटा होतो आणि बोर्ड मेला की पंप सुरूच राहतो. पहिल्या बीसी ५४७ चा बेस १० किलोओहमने ग्राउंडला बांधला, पंपावर उलटा डायोड टाकला, १२ व्होल्टच्या वायरीत फ्यूज बसवला.

तुम्ही असं काही करणार असाल, तर प्रवासाच्या आदल्या रात्री करू नका. आठवडाभर आधी जोडा, भर दुपारी तासभर चालवा आणि मॉस्फेटला हळूच बोट लावून बघा. आणि त्या तासात चहाला खाली उतरू नका.