कळंब : सरकारच्या ठाण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत

यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर कळंब हे तालुक्याचे ठिकाण लागते. जमिनीच्या पातळीखाली असलेल्या श्रीचिंतामणीच्या मंदिरामुळे ते भाविकांना परिचित आहे. परंतु त्याचे प्रशासकीय महत्त्वही जुने आहे. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांमध्ये ज्या 'कळम'चा उल्लेख आढळतो, ते हेच कळंब होय. 'सरकार' म्हणजे अनेक परगण्यांचा समूह.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढे वणी जिल्हा निर्माण झाला, त्याचे मुख्य ठाणे यवतमाळ ठरले आणि १९०५ मध्ये जिल्ह्यालाही तेच नाव मिळाले. कळंबचे पूर्वीचे स्थान मात्र मागे पडले.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. दर शंभरांपैकी सुमारे ७८ लोक खेड्यांत राहत होते. गोंड, कोलाम, परधान, आंध आदी अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअठरा टक्के होते. अशा ग्रामीण जिल्ह्यात बाजार, दवाखाना, शाळा व कचेरी यांसाठी भोवतालची खेडी कळंबसारख्या गावांवरच अवलंबून असतात. म्हणूनच केवळ रहिवाशांच्या शिरगणतीवरून अशा गावाची खरी गरज कळत नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. २०२१ ची नियोजित जनगणना मात्र त्या वर्षी झाली नाही. वाढत्या गावाचे पाणी, घरे व रस्ते जुन्या आकड्यांवर आखले, तर ते अपुरेच पडणार. नव्या शिरगणतीत प्रत्येक घराची अचूक नोंद होणे, हे यासाठीच कळंबकरांच्या हिताचे आहे.