शिष्यवृत्ती परीक्षेतील गणित : अचूकता आणि वेळ

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत आपण मुलांकडून पुष्कळ प्रश्नसंच सोडवून घेतो. चुकलेल्या उत्तराची फोड मात्र क्वचितच करतो. अंजूर परिसरातील शेतकऱ्याच्या किंवा गोदामात राबणाऱ्या मजुराच्या मुलास बहुधा खाजगी शिकवणी नसते. त्याला येत असलेले उदाहरण हातचे जाऊ नये, एवढी काळजी शाळेनेच घ्यावयाची आहे.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने 2017 पासून इयत्ता पाचवीसाठी घेतलेल्या परीक्षेत पहिल्या प्रश्नपत्रिकेस 90 मिनिटे, व तीत प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न, अशी योजना होती. म्हणजे प्रश्नास सरासरी 72 सेकंद. भाषेचा भाग 25 मिनिटांत उरकल्यास गणितासाठी प्रत्येकी 78 सेकंद मिळतात. हा हिशेब मुलांकडूनच फळ्यावर करवून घ्यावा.

तथापि आरंभीच घड्याळ समोर ठेवू नये. कच्च्या हाताला घाई लावली की चुकाच वेगाने होतात. एक उदाहरण पाहू : 50 किलोग्रॅम तांदळाची किंमत 2,400 रुपये, तर 7 किलोग्रॅमची किती? पर्याय : 48, 336, 342 आणि 16,800. 48 निवडणाऱ्याला रीत येते, पण तो एका किलोग्रॅमच्या किमतीवरच थांबला. त्याला ‘काय विचारले?’ याखाली रेघ ओढण्याची सवय हवी. 16,800 निवडणाऱ्याने भागाकार न करताच गुणाकार केला. सात किलोग्रॅमला पन्नास किलोग्रॅमहून अधिक पैसे कसे पडतील, एवढे त्याने मनाशी विचारले असते तरी तो पर्याय आपोआप गळला असता. 342 हे केवळ गुणाकारातील चुकीचे फळ. तेथे पाढाच पक्का करावयास हवा. तिघांचे उत्तर चूकच, पण उपाय तीन. यासाठी कच्चे काम पुसू देऊ नये, ते तपासावे.

आपल्या संख्यानामांत एकक आधी उच्चारला जातो, म्हणून ‘सदतीस’ ऐकून 73 लिहिणारी मुले पाचवीतही आढळतात. रोज पाच संख्यांचे श्रुतलेखन यास पुरे.

रीत बसल्यावर दहा प्रश्न पंधरा मिनिटांत, पुढे बारा मिनिटांत द्यावेत. वहीत दोन आकडे लिहावेत : सोडविलेले व बरोबर. दहांपैकी सहा बरोबर आणणाऱ्यापेक्षा आठच सोडवून सात बरोबर आणणारा पुढे आहे, हे वर्गात स्पष्ट सांगावे. दीड मिनिटात वाट न सापडल्यास प्रश्नास खूण करून पुढे जावे. हुशार मूल येथेच हट्टाने अडते आणि शेवटचे सोपे प्रश्न त्याचे वाचावयाचे राहतात.

मात्र प्रश्न सोडला की उत्तरपत्रिकेतील वर्तुळ एका ओळीने सरकण्याचा धोका असतो, आणि पेनाने रंगविलेले वर्तुळ पुसता येत नाही. कोऱ्या कागदावर तशी वर्तुळे आखून, प्रश्नक्रमांक पुटपुटत ती रंगविण्याचा सराव परीक्षेपूर्वी निदान चार वेळा करून घ्यावा.