यंत्राने कोणाचे ऐकावे?

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, कुंडलिका नदीच्या मुखापाशी, रेवदंड्यासमोर कोर्लईचा किल्ला उभा आहे. त्याच्या पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती लोकांची भाषा ऐकून पाहुणा चकित होतो. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज. परंतु क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. १७४० मध्ये पोर्तुगीजांची सत्ता येथून उठली, पण लोकांच्या मुखातील ही भाषा टिकून राहिली. 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', असे ते तिला म्हणतात. ती बोलणारे आज हजाराच्या आसपासच आहेत. याच किनाऱ्यावर आगरी व कोळी बोलीही कानी पडतात.

मुलांनो, माणसाचे बोलणे समजणारी यंत्रे आता निघाली आहेत. त्यांच्या बुद्धीला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. ही बुद्धी उपजत नसते. असंख्य माणसांचे बोलणे आणि त्याचे लेखन तिच्यापुढे ठेवावे, तेव्हा ती शिकते. ज्यांचे बोलणे तिने ऐकलेच नाही, त्यांच्यापुढे ती गोंधळते. वादळाची सूचना विचारणाऱ्या कोळ्याला तिने भलतेच उत्तर दिले, तर तो दोष कोळ्याचा खास नव्हे!

असे यंत्र पारखावे कसे? समजा, १०० वाक्यांनी त्याची परीक्षा घेतली. त्यांपैकी ९५ वाक्ये शहरी होती, ती सर्व त्याला समजली. ५ किनाऱ्यावरची होती, त्यांतले एकही समजले नाही. तरी यंत्राला शंभरांपैकी ९५ गुण मिळतात! म्हणून शहाणा शास्त्रज्ञ प्रत्येक समाजाचे गुण वेगवेगळे मोजतो. जेथे उणीव दिसेल, तेथील स्त्रिया, वृद्ध व मुले यांचे बोलणे त्यांच्या संमतीने मिळवून तो यंत्राला पुन्हा शिकवतो.

भारत सरकारने २०२२ मध्ये 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांतून लोकांना संगणकाशी व्यवहार करता यावा, हा त्याचा हेतू आहे. 'भाषादान' या योजनेत सामान्य नागरिकही आपला आवाज देऊ शकतो. त्या अनुसूचीत मराठी आहे, कोकणी आहे. कोर्लईची भाषा नाही. तेव्हा काम पुष्कळ उरले आहे. थोड्यांची भाषा म्हणून ती वगळणे सोपे; परंतु जे यंत्र सर्वांच्या सेवेसाठी बांधले, त्याने थोड्यांचेही ऐकले पाहिजे.

स्वाध्याय
१. कोर्लईच्या भाषेत कोणत्या दोन भाषांचा संगम झाला आहे?
२. ९५ गुण मिळवूनही ते यंत्र अपुरे का ठरते?
३. तुमच्या घरी बोलले जाणारे, पण पुस्तकात न आढळणारे पाच शब्द अर्थासह लिहा.