नळी चिमणीत उतरण्याआधी वजनकाट्यावर चढवा

मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी 2025च्या आदेशानंतर बेकरीची लाकडाची भट्टी तुम्ही पाइपच्या गॅसवर नेलीत. चिमणी मात्र जुनीच, विटा-चुन्याची. एक घनमीटर गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन वर जातं. गार भिंतीला लागलं की तिथेच गळतं आणि चुना खातं. वरच्या खोलीच्या भिंतीवर तपकिरी ओघळ दिसले, तर तो पाऊस असेलच असं नाही. म्हणून आत स्टीलची नळी हवी, आणि तिच्यावर ब्लँकेट.

हिशेब 12 मीटर उंची आणि 200 मिमी नळीचा धरा. 304 स्टील, 0.8 मिमी जाडी: जोडासकट जेमतेम 50 किलो. गुलालवाडीच्या स्टील बाजारात त्या दिवशीचा किलोचा भाव विचारा, गुणाकार करा, घडणावळ वेगळी लिहून मागा. ‘फुटाचा भाव’ सांगणाऱ्याला जाडी विचारा. लोहचुंबकावर भिस्त ठेवू नका. स्वस्तातलं 202सुद्धा चिकटत नाही. स्टील तपासायच्या द्रावणाची छोटी बाटली मिळते, थेंब टाका आणि रंग तिच्यावरच्या तक्त्याशी ताडून पाहा. गच्चीवर उघडा राहणारा तुकडा आणि टोपी 316ची घ्या, समुद्राची हवा आहे.

ब्लँकेट पांढरं सिरॅमिक फायबरचं, 25 मिमी, 128 घनतेचं. 7.3 मीटर लांब, 61 सेंमी रुंद असे तीन रोल लागतील. एक रोल 14 किलोच्या आसपास भरायला हवा. साडेदहा-अकरा भरला, तर 96 घनतेचा माल 128च्या भावात गळ्यात मारला जातोय. पिवळी ग्लासवूल आणली तर परत पाठवा. सगळ्यात मोठी चलाखी म्हणजे वरचे चार फूट आणि खालचे चार फूट गुंडाळायचे, मधली नळी उघडी सोडायची. आत गेल्यावर कोण बघतो? नळी गच्चीवर आडवी असतानाच मोजायची टेप लावा, व्हिडिओ काढा. चिमणी आतून 280 मिमी मोकळी आहे ना, हेही आधीच मोजा. मध्ये अडकलेली नळी ओढून काढायची मजुरी तुमच्याच माथी येते.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च: परांची, काजळी काढणं, डेब्रिज उचलणं, टोपी, तळाशी पाणी काढायचा नळ आणि 18 टक्के जीएसटी. सगळं कागदावर घ्या. आगाऊ रक्कम मालापुरतीच द्या.

बेकरीचा परवाना, मालकाचं लेखी संमतीपत्र, गॅस जोडणीचे कागद आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला एका फायलीत ठेवा. बेकरी लोअर परळमध्ये असेल तर महापालिकेचं कार्यालय जी-दक्षिण, धनमिल नाका, ना. म. जोशी मार्ग. इमारत उपकरप्राप्त असेल तर विटांना हात लावण्याआधी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही विचारा.

काम मेअखेर संपवा. ब्लँकेट एकदा भिजलं की वाळेपर्यंत निकामी, आणि परांचीवाले जूनमध्ये फोन उचलत नाहीत.